वाचकांचे प्रश्न : काच काळी हवी की केबिन गार?

गेल्या अंकात मालवाहू गाड्यांच्या केबिनमधल्या उष्णतेबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रं पिकअपवाल्यांची आहेत आणि फिरून फिरून सगळ्यांचा प्रश्न एकच : काचांना फिल्म कोणती लावू? काचांना फिल्म चिकटवण्यात माझी अठरा वर्षं गेली. त्यातली निम्मी वर्षं मी स्वतः डबल केबिनची पिकअप चालवतोय. म्हणून या वेळचं सगळं पान याच विषयाला दिलंय.

प्रश्न : डबल केबिनची पिकअप नवीनच घेतली आहे. दिवसभर उन्हात गाडी चालवतो, खिडकीकडचा हात अक्षरशः भाजून निघतो. सगळ्या काचांना ५ टक्क्यांची फिल्म लावली तर केबिन गार राहील, असं मित्र सांगतो. माल घेऊन पहाटे आणि रात्री निघावं लागतं, कधीकधी मागे ट्रेलर जोडतो. लावू का?

उत्तर : नका लावू. तुम्ही ज्या वेळांना आणि ज्या कामाला गाडी काढता, त्या गाडीला तर अजिबात नको.

आधी तो आकडा समजून घ्या. फिल्मवरचा टक्का म्हणजे तिच्यातून किती उजेड आत येतो ते. ५ म्हणजे शंभरातला पाच भाग उजेड आत आणि बाकीचा अडला. ७० म्हणजे सत्तर भाग आत. आकडा लहान तितकी काच काळी. पण हा हिशेब फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाचा आहे. केबिन किती तापेल, हे तो सांगतच नाही, आणि तुमच्या मित्राची गल्लत नेमकी इथेच होते आहे.

उन्हात तीन गोष्टी एकत्र येतात. दिसणारा उजेड, न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण आणि अतिनील किरण. उन्हातून जी ऊर्जा काचेवर पडते तिच्यातली साधारण निम्मी, किंवा थोडी जास्तच, अवरक्त किरणांतून येते. उरलेल्यातली बहुतेक दिसणाऱ्या उजेडातून येते. अतिनीलचा वाटा अगदी थोडा, पण कातडीला आणि सीटच्या कापडाला बाधतो तोच. स्वस्तातली रंगीत फिल्म दिसणारा उजेड छान अडवते, म्हणून काच काळी दिसते आणि आपल्याला वाटतं काम झालं. अवरक्त किरण मात्र तिच्यातून बरेचसे आरपार येतात. शिवाय तिने जे शोषलं त्याने ती स्वतः तापते आणि त्यातली काही उष्णता आत सोडते. भर दुपारी अशा काचेला आतून तळहात लावून बघा, तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटतं. याउलट चांगल्या सिरॅमिक फिल्मचा (म्हणजे सिरॅमिकचे अतिसूक्ष्म कण घातलेल्या फिल्मचा) जवळजवळ रंगहीन प्रकारही असतो. साध्या काळ्या फिल्मइतकी, पुष्कळदा तिच्याहून जास्त उष्णता तो अडवतो, आणि रात्री काचेतून दिसतंही स्वच्छ.

आता तुमच्या हाताबद्दल. पुढची काच दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून केलेली असते. तो थर अतिनील किरण जवळजवळ सगळेच अडवतो. दाराची काच बहुतेक गाड्यांत एकेरी, कडक केलेली असते आणि तिच्यातून अतिनीलचा एक मोठा भाग आत येतो. म्हणून कातडी जास्त रापते ती दाराकडच्या हाताचीच. चांगल्या बनावटीची फिल्म, मग ती दिसायला पारदर्शक का असेना, ९९ टक्के अतिनील अडवते. तुम्हाला हवं आहे ते हे. काळोख नकोय.

दुसरी गोष्ट पिकअपची म्हणून वेगळी आहे आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. मोटारीत मागची काच तिरकी आणि लांब असते. पिकअपमध्ये ती उभी, लहान आणि डोक्याच्या अगदी मागे. त्या एवढ्याशा चौकटीतून हौद्यातला माल, मागचा ट्रेलर आणि मागे उभा असलेला माणूस, सगळं बघायचं असतं. बाजूचे आरसे मोठे असतात हे खरं, पण ते आपण बघतो पुढच्या दाराच्या काचेतूनच. ती काच काळी केली की आरसेही काळे झाले.

माझ्या स्वतःच्या गाडीला पहिली दोन वर्षं मागे गडद फिल्म होती. एका संध्याकाळी, दिवे लावावेत की नाही अशा उजेडात, ट्रेलर जोडायला मी गाडी मागे घेत होतो. पुतण्या मागे उभा राहून हाताने खुणा करत होता. आमचं ठरलेलं होतं : बोटं हलवली की ये, पंजा उघडा धरला की थांब. काचेतून त्याचा पांढरा शर्ट दिसत होता, हात दिसत नव्हता. हात वर आहे एवढं कळलं, मी ते 'ये' समजलो आणि क्लच सोडला. त्याने हौद्याच्या फळीवर जोरात थाप मारली तेव्हा ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर माझ्या हुकाचा गोळा आणि ट्रेलरचा दांडा यांच्यात वीतभर अंतर होतं आणि त्या वीतभर जागेत त्याचा गुडघा होता. रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं काम ती फिल्म उतरवण्याचं केलं.

मागे कॅमेरा आहे, असं कोणी म्हणेल. असू दे, उपयोगाचाच आहे. पण चिखलाच्या रस्त्यावर त्याच्या भिंगावर शिंतोडे बसतात, आणि बाजूने चालत येणारा माणूस त्यात उशिरा दिसतो. काचेला तो पर्याय नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझं सांगणं असं : पुढच्या दोन्ही दारांना आणि मागच्या काचेला सिरॅमिकमधली सर्वांत उजळ फिल्म, आणि तीही तुमच्याकडच्या नियमात बसत असेल तरच. (नियमांचं पुढे सांगतो.) वय पन्नासच्या पुढे असेल तर हे आणखी कसोशीने पाळा. साठीच्या माणसाच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच असतो. विशीतल्या पोराला ज्या काचेतून रात्री दिसतं, तिच्यातून त्याच्या वडिलांना दिसेलच असं नाही.

चिकटवण्याआधी एक परीक्षा घ्या. दुकानातून तळहाताएवढा तुकडा मागून आणा, पाठीचा कागद सोलून टाका, काचेवर पाण्याचा फवारा मारा आणि आतून तो तुकडा आरसा दिसतो त्या जागी ठेवा. तेवढ्यापुरता तो टिकतो. मग रात्री, जिथे रस्त्यावर दिवे नाहीत अशा ठिकाणी, त्यातून आरशात बघा. दुपारी दुकानाच्या दारात उभं राहून निवडलेली फिल्म रात्री भलतीच दिसते.

प्रश्न : दुकानदाराने लाल दिव्यासमोर फिल्मचा तुकडा धरला आणि मला पलीकडे हात ठेवायला सांगितलं. खरोखर काहीच गरम लागलं नाही. '९५ टक्के इन्फ्रारेड अडवते' असं लिहूनही दिलं. पैसे जास्त आहेत, पण घ्यावी का?

उत्तर : फिल्म चांगली असेलही. पण त्या दिव्यावर निर्णय घेऊ नका.

तो दिवा मुख्यतः अवरक्त किरणच फेकतो. सूर्य तसा नाही. म्हणजे प्रयोग होतो तो निम्म्याच उन्हाचा, तोही एखाद मिनिट. पाच मिनिटं तुकडा तसाच धरायला सांगा आणि मग फिल्मलाच बोट लावा. जी फिल्म किरण परत न फेकता फक्त शोषते, ती तोवर चांगली तापलेली असेल.

आता ९५ टक्के. समजा तो आकडा खरा आहे. अवरक्तचा वाटा एकूण उन्हाच्या निम्मा धरला, तर त्या निम्म्याचे ९५ टक्के म्हणजे एकूण उष्णतेतले सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टक्के झाले. बाकीचं दिसणारा उजेड किती अडतो त्यावर. शिवाय अवरक्त किरणांचा पट्टा मोठा असतो. काही कंपन्या त्यातल्या ज्या लहानशा तुकड्यात त्यांची फिल्म उत्तम चालते, तेवढ्यापुरताच आकडा छापतात. आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो आणि गिऱ्हाइकाला ते कोणी सांगत नाही, याची मला चीड आहे.

तुम्ही विचारायचं ते असं : 'एकूण सौर ऊर्जा किती टक्के अडते?' माहितीपत्रकात हा आकडा बहुधा टीएसईआर या अक्षरांनी दिलेला असतो. दोन फिल्मांची तुलना करायची ती त्याच आकड्यावर, आणि दोन्हींचा उजेडाचा टक्का सारखा असताना. ३५ टक्क्यांची एक फिल्म आणि ७० टक्क्यांची दुसरी अशी तुलना केली तर काळी फिल्म उगाच जिंकते.

प्रकारांबद्दल थोडक्यात. रंगवलेली फिल्म सर्वांत स्वस्त, पण वर्षं गेली की तिचा रंग उडतो आणि ती जांभळी पडते. धातूचा थर दिलेली फिल्म उष्णता चांगली परतवते. मात्र ती रेडिओ, मोबाइल आणि जीपीएसच्या लहरींच्या आड येऊ शकते, आणि काचेतच अँटेना असेल तर त्रास जास्त. कार्बनची मधली, रंगाला पक्की. सिरॅमिक महाग, पण तिच्यात धातूच्या पातळ पत्र्यासारखा सलग थर नसतो, म्हणून लहरींना अडथळा नाही. पिकअपच्या केबिनमध्ये काचा थोड्या आणि लहान, त्यामुळे फिल्म एकूणच कमी लागते. मोटारवाल्याला जी चैन वाटते ती तुम्हाला परवडू शकते. सिंगल केबिन असेल तर नक्कीच.

प्रश्न : माझ्या गाडीच्या मागच्या दारांच्या काचा कंपनीतूनच गडद आल्या आहेत. त्यांना वेगळी फिल्म लागणार नाही ना? हौद्यावर काचांचं झाकणही बसवायचं आहे.

उत्तर : त्या काचा गडद आहेत कारण काच ओततानाच रंग घातलेला असतो. आत काय ठेवलंय ते बाहेरून दिसू नये, हा त्यांचा उद्देश. रंगीत काच थोडी उष्णता शोषते, पण चांगल्या फिल्मची बरोबरी करत नाही. मागच्या सीटवर मुलं बसत असतील तर तिथे रंगहीन सिरॅमिक फिल्म जरूर लावा.

काळ्या काचेवर काळी फिल्म मात्र नको. इथे बेरीज होत नाही, गुणाकार होतो. काच मुळात २० टक्के उजेड सोडणारी आणि तिच्यावर ५० टक्क्यांची फिल्म लावली, तर हाती १० टक्के राहतात. साधी वाटणारी काचसुद्धा पूर्ण पारदर्शक नसते. ७५ टक्के उजेड सोडणाऱ्या काचेवर ३५ टक्क्यांची फिल्म म्हणजे साधारण २६ टक्के.

हौद्यावरच्या झाकणाचं तुम्ही विचारलंत हे फार बरं केलंत. झाकण बसलं की मागे बघताना नजर तीन काचांतून जाते : केबिनची मागची, झाकणाची पुढची आणि झाकणाची मागची. तिघींचा गुणाकार. प्रत्येक काच निम्मा उजेड सोडणारी असली तरी शेवटी साडेबारा टक्केच उरतात. झाकण येणार असेल तर केबिनच्या मागच्या काचेला काहीच लावू नका. झाकणामुळे तिथे ऊनही फारसं लागणार नाही.

प्रश्न : कायद्याने किती काळी चालते?

उत्तर : देशागणिक वेगळं, काही देशांत राज्यागणिकही. ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ पासून वापरात आलेल्या गाड्यांना पुढच्या काचेतून किमान ७५ टक्के आणि पुढच्या दारांच्या काचांतून किमान ७० टक्के उजेड जायला हवा. त्यामागच्या काचांवर बंधन नाही. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड मागतो. तिथे २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचेवर वेगळी फिल्म चिकटवण्यालाच मनाई केली होती. त्यानंतर नियमाच्या शब्दांत बदल झाले आहेत. म्हणून सध्या काय लागू आहे ते परिवहन कार्यालयात विचारा, दुकानदाराच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

मोजणी होते ती काच आणि फिल्म मिळून. 'सत्तरची फिल्म आहे, सत्तरचा नियम आहे, चालेल' म्हणणारा माणूस गुणाकार विसरतो. ७५ च्या काचेवर ७० ची फिल्म म्हणजे साडेबावन्न. उजेड मोजायचं यंत्र दुकानात असतं. फिल्म लावण्याआधी मोकळी काच मोजून घ्या, नंतर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे पावतीवर लिहून मागा.

प्रश्न : जुनी गाडी घेतली आहे. मागच्या काचेची फिल्म जांभळी होऊन फुगे आले आहेत. पात्याने खरवडून काढू का? काचेत धुकं घालवणाऱ्या तारा आहेत.

उत्तर : पातं लावू नका. त्या तारा काचेच्या आत नसतात, आतल्या पृष्ठभागावर छापलेल्या असतात. पातं एकदा आडवं फिरलं की तार तुटलीच. पातं न लावतासुद्धा, कोरडी फिल्म हिसका देऊन ओढली तर तार डिंकाबरोबर उठून येते. हे मी स्वतःच्या हाताने केलेलं आहे. सोललेल्या फिल्मच्या डिंकावर केसाएवढी तपकिरी रेघ चिकटलेली दिसली आणि पोटात गोळा आला. ती काच गिऱ्हाइकाला मी माझ्या खर्चाने बदलून दिली.

वाफ वापरा. कपड्यांची वाफेची इस्त्री किंवा सफाईचं वाफेचं यंत्र चालतं. एका कोपऱ्याला वाफ देत डिंक मऊ करा. फिल्म नखाने उचला आणि अगदी सावकाश, तारांच्या दिशेनेच आडवी ओढत न्या, पुढे पुढे वाफ देत. तासभर लागला तरी चालेल. राहिलेला डिंक साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून मऊ फडक्याने काढा, पुसतानाही तारांच्या दिशेनेच. मागची काच मधोमध सरकणारी असेल तर सरकणारा भाग आणि दोन्ही बाजूंचे भाग वेगवेगळे सोला, आणि नवी फिल्मही तिन्हींना वेगळी कापून घ्या. खाचेत जाणारी कड दोन-एक मिलिमीटर आत ठेवायला सांगा, नाहीतर दर वेळी काच सरकवताना ती घासून उचकटते.

प्रश्न : आमच्याकडे कच्चे रस्ते आहेत, धूळ फार. फिल्मवर ओरखडे येतात का?

उत्तर : येतात. फिल्मपेक्षा दोष दाराच्या कडेला असलेल्या लोकरी पट्टीचा असतो. तिच्यात वाळूचे कण अडकतात आणि काच खाली-वर होताना तीच पट्टी पॉलिशच्या कागदासारखी घासते. ओरखडे सरळ उभे असतात, त्यावरून ओळखा. फिल्म लावण्याआधी त्या पट्ट्या हवेच्या झोताने आणि ब्रशने साफ करून घ्या, फाटक्या असतील तर बदला. नंतरही गाडी धुताना दर वेळी तिथे एक हात फिरवा. ओरखडे सोसणारा कडक थर दिलेली फिल्म मागा. अमोनियाचं काच-पुसणं वापरू नका, डिंक आणि रंग दोन्ही खराब होतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरेसं आहे.

प्रश्न : कालच फिल्म लावली. आज काचेवर पाण्याचे थेंब आणि धुरकट डाग दिसतायत. फसलो का?

उत्तर : बहुधा नाही. फिल्म साबणाच्या पाण्यावर सरकवून बसवतात आणि रबरी पट्टीने पाणी बाहेर काढतात. तरी थोडं आत राहतंच आणि ते फिल्ममधून हळूहळू सुकतं. उन्हात आठवडाभरात, थंडीत किंवा जाड सिरॅमिकला तीन-चार आठवडेही लागतात. बोटाने दाबून ते काढायला जाऊ नका. दाराच्या काचा निदान चार दिवस खाली करू नका. बटणांवर चिकटपट्टी लावून ठेवा, घरातलं कोणीतरी विसरतंच.

महिन्याभराने मात्र नीट तपासा. काचेकडे तिरक्या उजेडात बघा. बारीक टोकदार उंचवटे असतील आणि त्यांच्या मध्ये कण दिसत असेल, तर ती धूळ आहे, ती जाणार नाही. एक-दोन असतील तर सोडून द्या, मूठभर असतील तर फिल्म बदलून मागा. कडेला नख हलकेच फिरवा. कुठे अडकलं तर तिथून फिल्म सुटणार आहे. काचेच्या कडेला छापलेल्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर पांढरी रेघ दिसते, ती ठिपक्यांच्या उंचवट्यामुळे. तिथे फिल्म पूर्ण बसत नाही आणि त्यात कारागिराची चूक नसते.